सांगलीत समुद्राचा पूर : काचेच्या टाकीच्या नोंदी

९ नोव्हेंबर, रविवार

भाची आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला विषय मिळालाय, वादळात समुद्राचं पाणी गावात का शिरतं. बाईंनी थर्माकोल, निळा रंग, कापसाचे ढग असं सुचवलेलं. ती म्हणाली मामा, खरं पाणी खरंच वर चढलेलं दिसलं पाहिजे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पंखे, ब्लोअर, जळक्या मोटारी ढिगानं पडलेल्या असतात, म्हटलं बघू करून. कुणाला असंच मॉडेल करायचं असेल तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून लिहून ठेवतोय.

सांगलीकराला पूर शिकवायला नको. कोयनेतनं किती सोडलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलेलं. त्यामुळं आपल्या डोक्यात पूर म्हटलं की वरनं आलेलं पाणी. समुद्राच्या पुराला धरण लागत नाही, पाऊससुद्धा लागत नाही, आहे तेच पाणी वारा एका बाजूला दाबतो. वर हवेचा दाब कमी झालेला असतो त्याचं थोडं, आणि भरती कितीला आहे त्यावर उरलेलं. या तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवता आल्या पाहिजेत, सगळं एकदम हललं तर बघणाऱ्याला कळणार काय.

प्लॅन असा: ८ फूट लांब, ६ इंच रुंद, १० इंच उंच काचेची टाकी. एका टोकाला वारा, दुसऱ्या टोकाला किनारा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टाकी आली. ८ मिमी काच, सिलिकॉन, मजुरी धरून ३,६०० घेतले. दुकानदार म्हणाला संध्याकाळी पाणी भरा, काय होत नाही. संध्याकाळी भरलं आणि रात्री कोपऱ्यातनं धार लागून खालचं वाइंडिंग वायरचं रीळ भिजलं. सिलिकॉन आत ओलंच होतं. ब्लेडनं सगळं खरवडून काढलं, थिनरनं पुसलं, परत भरलं, आता दोन दिवस हात लावायचा नाही. सिलिकॉनची ट्यूब २२०.

आणखी एक, आठ फुटाची काच पाणी भरल्यावर मधे बाहेर फुगते. डोळ्याला दिसतंय. वरच्या कडेला काचेच्या तीन आडव्या पट्ट्या चिकटवून घ्या, आधीच सांगून.

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकी कोरडी राहिली. १० सेंमी पाणी भरलं, एका टोकाला टेबल फॅन फुल स्पीडवर. तरंग झकास उठले, भाचीनं व्हिडिओ काढला, पण पाणी चढलं का? नाही. पट्टी लावून बघितलं, दोन्ही टोकं सारखीच. तरंग इतके हलत होते की मिलिमीटरभर फरक असता तरी कळला नसता.

कारण साधं आहे. बशीतल्या चहावर फुंकर मारा, चहा पलीकडच्या काठाला जाऊन बसतो. तीच फुंकर भरलेल्या पेल्यावर मारा, नुसता वरचा पापुद्रा हलतो. वारा पाण्याला वरनं ओढतो, पण पलीकडं जमलेलं पाणी तळाकडनं परत येतं. पाणी खोल असलं की परत यायला वाट मोठी, उथळ असलं की वाट नाही, मग ते साचतं. खोल समुद्रात म्हणूनच वादळ घोंघावत असलं तरी वाऱ्यानं पाण्याची पातळी फार चढत नाही, किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यात आलं की खेळ सुरू. बंगालच्या उपसागराचं वरचं टोक उथळही आहे आणि चिंचोळंही, १९७० च्या नोव्हेंबरात भोला वादळात तिथं लाखो माणसं गेली, बहुतेक पाण्यानं.

तर आपली टाकी म्हणजे पेला झालीय, तिची बशी करायची. खोटा तळ टाकावा लागणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खोट्या तळासाठी पीव्हीसी शीट मिरजेहून यायचीय, तोवर दाबाचा भाग घेतला.

सगळ्यांना वाटतं वादळाचा डोळा व्हॅक्यूम क्लीनरसारखा पाणी वर ओढतो. तसं काय नाही. बाहेर हवेचा दाब जास्त, मधे कमी, म्हणून बाहेरचं पाणी दाबलं जाऊन मधलं वर येतं. हिशोब लक्षात ठेवायला सोपा, १ हेक्टोपास्कल दाब उतरला की पाणी जवळजवळ १ सेंमी वर.

हे दाखवायला जुगाड असा: घट्ट झाकणाची तीन लिटरची बरणी, तिच्यात बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, असलेला फोन. माझ्या फोनला तो सेन्सर नाही, स्वस्तातल्या बऱ्याच फोनांना नसतो, ओळखीच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडनं काच तडकलेला जुना फोन ९०० ला आणला. झाकणाला भोक पाडून नळी, नळीला टी, टीच्या एका तोंडाला ५० मिलीची मोठी सिरिंज, दुसऱ्या तोंडाला पारदर्शक पाईप, त्या पाईपचं खालचं तोंड पाण्याच्या बादलीत. सिरिंज ओढली की बरणीतला दाब उतरतो, पाणी पाईपात चढतं, फोनवर आकडा दिसतो.

पहिला गोंधळ आकड्याचा. फोन म्हणतोय ९४९. भाचीनं कुठंतरी वाचलेलं की समुद्रावर नेहमीचा दाब १०१३ च्या आसपास आणि ९५० म्हणजे जबरदस्त चक्रीवादळ. ती ओरडली, मामा सांगलीत चक्रीवादळ! आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर राहतो, तेवढी हवा आपल्या डोक्यावर कमी, आठेक मीटर वर गेलं की १ हेक्टोपास्कल कमी होतो. बातम्यांत जो आकडा सांगतात तो समुद्रसपाटीला आणून सांगतात. प्रदर्शनात हा प्रश्न येणारच, उत्तर पाठ करून ठेवायला सांगितलंय. आपल्याला तसंही किती उतरला तेवढंच बघायचंय.

दुसरा गोंधळ: सिरिंज न ओढता पाणी आपोआप खाली जायला लागलं. पाईपातनं बुडबुडे. गळती असेल म्हणून एम-सील लावलं, परत तेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गळती नव्हतीच. गळती असती तर पाणी बादलीच्या पातळीला येऊन थांबलं असतं, हे तर त्याच्याही खाली जात होतं. फोन बरणीत चालू राहून तापत होता, स्क्रीन फुल ब्राइट. बंद बरणीतली हवा १ अंशानं तापली तरी दाब ३ हेक्टोपास्कलनं वाढतो, म्हणजे ३ सेंमी पाणी गेलं. आपण जे मोजणार तेवढीच ही गडबड.

उपाय: ब्राइटनेस एकदम खाली, मोबाईल डेटा बंद, बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवली, पंधरा मिनिटं तशीच सोडली, मग सिरिंज ओढून अर्ध्या मिनिटात आकडा घेतला. ९४९ वरनं ९३४, पाणी पंधरा सेंमीच्या जरा वर. पाईप अर्ध्या इंचाचा घ्या, बारीक नळीत पाणी काचेला धरून उगीच वर राहतं.

फोन दोन दिवस नुसता टेबलावर ठेवला तेव्हा आणखी एक गंमत दिसली. दाब सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला परत वर. रोज तीनेक हेक्टोपास्कलचा झोका, ऊन स्वच्छ, वारा नाही, तरी. हवेचीसुद्धा दिवसातनं दोनदा भरती-ओहोटी होते, चंद्रामुळं नाही तर उन्हामुळं. तर दाब दोनतीननं उतरला म्हणून लगेच कुणी वादळ जाहीर करू नका, किती वाजलेत ते बघा.

आता खऱ्या वादळाचा हिशोब. २९ ऑक्टोबर १९९९, ओडिशाचं सुपर सायक्लोन, मधला दाब ९१२. बाहेर १०१० धरा. फरक ९८, म्हणजे दाबामुळं पाणी चढणार साधारण १ मीटर. आणि किनाऱ्यावर प्रत्यक्षात चढलं ५-६ मीटर. बाकीचं वाऱ्याचं. हा एक हिशोब कळला तरी मॉडेलचे पैसे वसूल.

२३ नोव्हेंबर, रविवार

शीट आली, ९५० रुपये. खोटा तळ बसवला, कडेला सिलिकॉन, खाली विटांचे तुकडे. शीट तरंगते हे आधी ध्यानात आलं नव्हतं, वर येऊन वाकडी झाली, शेवटी स्टीलच्या पट्ट्या ठेवून दाबली.

टेबल फॅनचा वारा टाकीत जातच नाही, अर्धा वरनं निसटतो. दुकानात धूळ उडवायचा हँड ब्लोअर आहे, तो लावला तर त्याची धार एवढी बारीक की पाण्यात खड्डा पाडते आणि पाणी भिंतीवर. मग भंगारातला कूलरचा ब्लोअर काढला, मोटार जळालेली होती, ती मीच भरली. स्पीडसाठी वाइंडिंगमधनंच तीन टॅप, म्हणजे वायरीची मधली तोंडं, बाहेर काढली. नुसता फॅन रेग्युलेटर लावू नका, मोटार घुमते आणि हळू स्पीडला गरम होते. टाकीवर ॲक्रिलिकचं झाकण टाकलं म्हणजे वारा बोगद्यातनं गेल्यासारखा सरळ जाईल, लांबचं टोक उघडं. वारा मोजायचं छोटं मीटर ऑनलाईन १,१५० ला. तीन स्पीड मिळाले, सेकंदाला ५, ७ आणि १० मीटरच्या आसपास.

पाणी मोजायला पट्टी नको. दोन्ही टोकांना खोट्या तळाजवळ भोक पाडून गवंड्याची लेव्हल पाईप जोडली, दोन्ही पाईपा मधे एका फळीवर शेजारी शेजारी आणून उताराला लावल्या, १० ला १ असा उतार. म्हणजे पाणी १ मिमी चढलं की पाईपात १ सेंमी सरकतं. शिवाय पाईपेत तरंग येत नाहीत. बंदरात भरती मोजायचं जुनं यंत्रही असंच उभ्या नळकांड्यात असतं, बाहेर लाटा आपटू देत, आत पाणी शांत. पाण्यात खायचा लाल रंग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर पाणी पाईपेला अडकून धक्क्याधक्क्यानं सरकतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा पाणी चढलं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक पंप विसरून बघत उभं राहिलं.

वारा १० वर ठेवून खोली बदलली. ६ सेंमी पाण्यात दोन टोकांतला फरक जेमतेम १ मिमी, ३ सेंमीत दोनच्या आसपास, दीड सेंमीत चार. खोली निम्मी, चढ दुप्पट. मग खोली दीड सेंमी कायम ठेवून वारा बदलला: ५ ला १ मिमी, ७ ला २, १० ला ४. म्हणजे वारा दुप्पट केला की पाणी चौपट. बातम्यांत ताशी ६० चा वारा आणि १२० चा वारा ऐकून आपल्याला वाटतं दुप्पट, पाण्याच्या दृष्टीनं ते चौपट आहे.

ब्लोअर चालू केल्या केल्या आकडा घेऊ नका. पाणी आधी जास्तच उसळतं, परत येतं, असं हेलकावत राहतं. ३ सेंमी पाण्यात एक हेलकावा नऊ सेकंदाचा. शांत व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात.

३० नोव्हेंबर, रविवार

डोकं धरून बसलोय.

भाची म्हणाली लोक पाईप बघणार नाहीत, टाकीतलं पाणी बघतील, म्हणून काचेला बाहेरनं दोन्ही टोकांना ग्राफपेपर चिकटवला. दीड सेंमी पाणी, वारा १०. डोळ्यानं बघितलं तर दोन टोकांतला फरक ७ मिमी. पाईप म्हणते ४. पाईपेत हवेचा बुडबुडा असेल म्हणून सगळ्या काढून परत भरल्या. ७ आणि ४. आणि त्याहून विचित्र, ब्लोअर चालू केला की दोन्ही पाईपांतलं पाणी मिळून जरा वर येतं, एक जास्त, एक कमी, पण दोन्ही वर. टाकीत पाणी कुणी ओतलं नाही, मग वाढलं कुठनं? अख्खा रविवार यात गेला, घरी मटण होतं ते थंड झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती, पोऱ्या औदुंबरला गेलाय, दुकान निम्मं बंद. शेजारचे साहेब पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत, त्यांना बोलावलं. ते चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत, नुसतं झाकणावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या आतल्या हवेला दाब आहे की. तुमच्या पाईपेचं तोंड मात्र बाहेर, खोलीत."

तेच होतं. झाकण लावल्यामुळं टाकीचा बोगदा झाला. ब्लोअरच्या टोकाला आतली हवा दाबाखाली, लांबच्या टोकाला मोकळी. म्हणजे टाकीतलं पाणी दोन कारणांनी एका बाजूला जातंय, वारा घासतो म्हणून आणि ब्लोअरच्या बाजूला हवेचा दाब जास्त म्हणून. डोळ्याला दोन्ही मिळून दिसतं. पाईप तळातला एकूण भार सांगते, पाणी अधिक हवा, तिथं दाबानं जेवढं पाणी कमी झालं तेवढीच हवा जड असते, म्हणून दाबाचा भाग तिच्यात दिसतच नाही. नुसता वाऱ्याचा भाग राहतो.

खात्री करायला तिसरी पाईप लावली, यू आकाराची, दोन्ही तोंडं टाकीच्या दोन टोकांना हवेत, पाण्याच्या वर. ब्लोअर चालू. तिच्यात फरक आला ३ मिमी. ४ आणि ३, सात. साहेब म्हणाले "बसलं", आणि घरी गेले. मी ती बेरीज परत परत करून बघितली.

झाकण काढून टाकावं का असा विचार होता, पण आता ते ठेवणारच. जे वेगळं दाखवायला बरणी केली ते टाकीत फुकटात मिळालं. खऱ्या समुद्रातही हे दोन्ही एकत्रच येतात आणि मोजणाऱ्यांना असंच वजा करावं लागतं. समुद्राच्या तळाला ठेवलेला दाबमापक नुसता बघितला तर वादळाच्या कमी दाबानं चढलेलं पाणी त्यालाही असंच दिसत नाही.

७ डिसेंबर, रविवार

भरती. सपाट तळ काढून त्याच शीटचा उतार केला, ब्लोअरकडं ६ सेंमी खोल आणि पलीकडं शून्य, त्याच्या वर वाळूचा किनारा आणि घरं. घरं भाचीनं पुठ्ठ्याची केलेली, पहिल्याच भरतीला त्यांचा लगदा. मग सनबोर्डची केली, खाली फेविक्विक.

भरती-ओहोटीला आधी स्कूटरच्या भंगारातली मोटार आणि क्रँक असा थाट मांडला होता, पण तिचा वेग इतका की भरती न येता त्सुनामी यायची. सगळं काढलं. आता २० लिटरची बादली, तळाला अर्धा इंची हॉजपाईप टाकीला जोडलेली, बादली कप्पीवरनं दोरीनं वर-खाली. दोरीला गाठी मारल्यात, ही गाठ ओहोटी, ही नेहमीची भरती, ही उधाणाची. पाईपेत हवा अडकली तर पाणी जातच नाही, पाईप मधे कुठं उंच उचलली जाता कामा नये. खर्च ३४०, त्यात कप्पी.

आणि इथं एक गोष्ट सापडली जी मला माहीत नव्हती. तोच वारा ओहोटीला सोडला तर किनाऱ्याला पाणी ६ मिमी चढलं, भरतीला सोडला तर ४. उलटं वाटतं ना? पण ओहोटीला किनाऱ्याजवळ पाणी उथळ, बशीचा नियम. भरतीला पाणी खोल झालं, वाऱ्याची चढाई कमी झाली. तरी घरात पाणी शिरलं ते भरतीलाच, कारण भरतीनं मुळातच ३० मिमी वर आणून ठेवलेलं. त्यामुळं वाऱ्याचा एक आकडा आणि भरतीचा एक आकडा घेऊन नुसती बेरीज करता येत नाही, दोघं एकमेकाला बदलतात. भाची म्हणाली हे बोर्डावर लिहूया, मी म्हटलं लिहू नको, बादली खाली-वर करून दाखव.

१० डिसेंबर, बुधवार

आत्येभाऊ श्रीवर्धनला असतो, त्याला फोन केला. त्याची सुपारीची बाग निसर्ग वादळात आडवी झाली, ३ जून २०२०. बागेचं तो दहा मिनिटं बोलला, झाडं नव्यानं लावलीत ती अजून धड फळाला आलेली नाहीत. मग भरतीचा विषय काढला तर म्हणाला त्याला टेबल कशाला पाहिजे, तिथीची पाऊणपट कर. म्हणजे तिथीचा आकडा घ्या, पाऊणनं गुणा, बाराच्या पुढं तेवढ्या तासांनी भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. ढोबळ हिशोब, बंदर बदललं की थोडं पुढंमागं. रोज भरती पाऊण तासानं पुढं सरकते त्याचंच हे गणित, आणि अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती लहान.

मग त्याच हिशोबानं निसर्गाचा दिवस बघितला. २ जूनला निर्जला एकादशी होती, म्हणजे ३ जून द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं ते दुपारी साडेबारा ते अडीच. म्हणजे ओहोटी लागली होती. पुनव ५ तारखेला, उधाण दोन दिवसांवर. तेच वादळ चार तास आधी आलं असतं तर, असं मी म्हटलं, तो म्हणाला बागेला वाऱ्यानं मारलं, पाण्याची वाट बघितली नाही. बरोबर आहे त्याचं.

टाकीत न दाखवता येणारी गोष्ट एक आहे, वाऱ्याचं चक्र. आपल्याकडं चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. पश्चिमेकडनं येऊन कोकणावर आदळलं तर त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडनं जमिनीकडं, उत्तरेला जमिनीकडनं समुद्राकडं. म्हणून निसर्गाच्या वेळी श्रीवर्धन-दिवेआगरला वारा समुद्रावरनं आणि मुंबईला उलटा. ओडिशाला वादळ पूर्वेकडनं येतं, तिथं उत्तरेची बाजू वाईट. हे एका चकतीवर बाण काढून दाखवलंय, चकती कोकणच्या नकाशावरनं सरकवायची. पुठ्ठा आणि टाचणी, खर्च शून्य, आणि माझ्या मते अख्ख्या मांडणीत सगळ्यात कामाची वस्तू हीच.

१३ डिसेंबर, शनिवार

किनाऱ्याच्या टोकाला दोन फळ्या तिरक्या लावून नरसाळं केलं, बंगालच्या उपसागरासारखं. वाटलं पाणी दुप्पट चढेल. वारा एकसारखा सोडला तर काहीच फरक नाही. पण ब्लोअर झटक्यात चालू केला तर पहिली उसळी नरसाळ्यात घरांच्या छपरापर्यंत. निमुळत्या जागेचा परिणाम पाणी सरकत असताना होतो, एकदा स्थिर झालं की नाही. फळ्या ठेवल्यात, पण मुलांना बटण दाबायला मिळालं की ती झटकेच देणार, त्यामुळं आजूबाजूला पोती टाकून ठेवा.

१७ डिसेंबर, बुधवार

प्रदर्शन झालं. सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: कृष्णेला असं होईल का? नदी अरुंद आणि वळणावळणाची, वाऱ्याला सरळ लांब पाणी मिळत नाही, त्यामुळं आयर्विनची पातळी वाऱ्यानं चढायची काळजी नको. पण नदी समुद्राला जिथं मिळते तिथं समुद्र चढलेला असला की नदीचं पाणी उतरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला त्या दिवशी मुंबईत भरतीही मोठी होती, गटारातनं पाणी समुद्रात जाईना. बरणी मात्र फारशी कुणी बघितली नाही, फोनचा स्क्रीन बारीक पडला. परत करायचं तर बाहेर मोठा आकडा दिसेल असा सेन्सर लावा.

एकूण खर्च साडेआठ हजारांच्या आत, ब्लोअरची तांब्याची वायर धरून. सगळ्यात जास्त वेळ झाकण आणि पाईपच्या भांडणात गेला. तिसरी पाईप पहिल्याच दिवशी लावा.

टाकी आता मिरजेच्या एका शाळेनं मागितलीय. न्यायची असेल तर पाणी पूर्ण काढून, शीट आणि पट्ट्या बाहेर काढून, छोटा हत्ती टेम्पोत गादीवर आडवी ठेवून न्या. उभी नेऊ नका, स्पीडब्रेकरला मधली आडवी पट्टी सुटते, आमची शाळेत जाताना सुटली आणि सकाळी सात वाजता गेटवर परत सिलिकॉन मारत बसलो. ब्लोअरच्या मोटारीला अर्थिंग द्या, पाण्याशेजारी लहान मुलं असतात. बादलीची दोरी सुती घेतली होती ती भिजून आखडली आणि गाठींचं माप चुकलं, आता नायलॉनची बांधलीय.